सोन्याचा कस आम्ही सांगतो, औषधाचा कस तुम्ही सांगा

प्रति,
कोल्हापुरातल्या प्रयोगशाळांमध्ये वनस्पतींपासून सोन्याचे नॅनोकण बनवणारे सर्व प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी,
तसेच त्यांच्या कामाच्या बातम्या देणारे सर्व पत्रकार

सप्रेम नमस्कार.

मी गुजरीतला, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारातला, सोनार. पेढीवाला सराफ नव्हे, शेगडीपुढे बसणारा कारागीर. आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्रेचाळीस वर्षे याच खोलीत बसून कोल्हापुरी साजाची पाने घडवली. त्यांच्या हातचे साज आज कुणाकुणाच्या गळ्यात आहेत, हे मलाही सांगता येणार नाही. लिव्हरच्या कॅन्सरने ते गेले. हे पत्र लिहायला त्यांचे जाणे कारण झाले आणि वर्तमानपत्राचे एक कात्रण कारण झाले. तुमच्यावर राग धरून लिहीत नाही. तुमच्या कामाची मला गरज आहे. ती का, ते पुढे येईलच.

कात्रण वीतभर. कुठल्याशा लांबच्या प्रयोगशाळेत एका झाडाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे नॅनोकण तयार झाले आणि त्यांनी यकृताच्या कर्करोगाच्या पेशी मारल्या, एवढी ती बातमी. मथळ्यात 'उपचार' हा शब्द ठळक होता. पेशी कुणाच्या, माणसाच्या अंगातल्या की काचेच्या बशीतल्या, याबद्दल अवाक्षर नव्हते. शेवटच्या ओळीत मात्र दुष्परिणाम नाहीत असे ठामपणे म्हटले होते.

ते कात्रण घरात आले त्याच आठवड्यात आण्णांचा सीटी स्कॅन झाला होता. यकृताच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरची गाठ. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले होते. लिव्हर आधीच सिरॉसिसने आक्रसलेले आहे, त्यामुळे गाठ कापून काढण्यात धोका फार. मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची, गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत औषध सोडायचे आणि ती वाटच बुजवून टाकायची. त्याला ते 'टेस' म्हणत. तारीखही दिली होती. आण्णांनी घरी येऊन चष्मा लावला, कात्रण दोनदा वाचले आणि म्हणाले, "आरं, सोनं तर आपल्याच घरात हाय की. मग मांडीत नळी कशाला घालून घ्यायची?"

आयुष्यभर सोन्यावर पोट भरलेल्या माणसाला सोन्यानेच जीव वाचेल असे वाटले, तर त्याला काय उत्तर देणार? आमच्यातल्या कुणाकडेच नव्हते.

पाहुण्यांपैकी एकाने पत्ता दिला. जवळच्याच एका गावात एक गृहस्थ सोन्याच्या पुड्या देत. आम्ही गेलो तर त्यांच्या बसायच्या खोलीत भिंतीवर तेच कात्रण लॅमिनेट करून लावलेले. "पेपरातच आलंय, मी वेगळं काय सांगू," असे म्हणून त्यांनी एकवीस दिवसांच्या पुड्यांचे अठरा हजार घेतले. इंग्रजी औषध बंद ठेवायचे, हे पथ्य. अडीच महिने आम्ही ते पाळले. मग आण्णांच्या पोटात पाणी भरले, डोळे पिवळे झाले. पुन्हा स्कॅन केला तेव्हा गाठ यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत शिरलेली होती. आता टेस करता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

टेस केली असती तर आण्णा वाचले असते, असे मी म्हणत नाही. डॉक्टरही तसे कधी म्हणाले नव्हते. काही महिने मिळाले असते, फार तर वर्ष. त्यांनी एक साज घडवायला घेतला होता. एकवीस पानांपैकी बारा पाने त्यांची झाली होती, उरलेली नऊ मी केली. पारखी माणूस दोन्हींतला फरक एका नजरेत सांगेल.

वर्षश्राद्ध झाल्यावर कपाट आवरताना त्या पुड्यांपैकी अकरा उरलेल्या सापडल्या. दुकानात आणल्या, मुशीत रिकाम्या केल्या, वर सवागी (टाकणखार) टाकली आणि ज्योत धरली. माझी खात्री होती की राख निघेल. तळाला मोहरीएवढा मणी चमकला. तोलला तर गुंजभर भरला. कसोटीवर ओढला, रेघेवर तेजाब लावले. रेघ हलली नाही.

सोने खरे होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. राख निघाली असती तर हिशेब सोपा होता: माणूस लबाड, आम्ही भोळे. पण सोने खरे असूनही आण्णा गेले. खरे की हिणकस, एवढा एकच प्रश्न आमच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या विचारला जातो आणि इथे त्या प्रश्नाचा काही उपयोगच नव्हता. औषधाचा कस वेगळ्या दगडावर लागतो. तो दगड कुठला, हे मला माहीत नव्हते. (आयुर्वेदातल्या सुवर्णभस्माविषयी मी इथे बोलत नाही. त्याचे जाणकार वेगळे, त्याचे नियम वेगळे. आमच्या पुडीवर ना बनवणाऱ्याचे नाव होते ना परवान्याचा नंबर.)

मग मी भाचीला धरले. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने मला इंग्रजीतले शोधनिबंध महिनाभर, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर, मराठीत सांगितले. एके दिवशी शिक्षकांची परवानगी काढून ती मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. तिथे जे पाहिले ते सांगतो, कारण ते पाहिल्यावरच तुमच्या कामाबद्दल माझ्या मनात माया निर्माण झाली.

हिणकस सोने चोख करायचे तर आम्ही ते अम्लराजात, म्हणजे सोनेही विरघळवणाऱ्या तीव्र आम्लांच्या मिश्रणात, विरघळवतो. चांदी पांढरा साका होऊन तळाला राहते, सोने पिवळ्या पाण्यात उतरते. त्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, घातला की सोने तपकिरी गाळ होऊन खाली बसते. गाळ धुऊन आटवला की चोख सोने हातात. भाचीच्या टेबलावर जी पिवळ्या पाण्याची बाटली होती ती म्हणजे हेच विरघळलेले सोने, फक्त अतिशय पातळ केलेले. लिटरभर पाण्यात सोने जेमतेम 0.2 ग्रॅम, म्हणजे दोन गुंजाही नाही. तिने हिराकसाच्या जागी गवती चहाची पाने उकळून गाळलेले पाणी घातले. सकाळी घातले. दुपारी डबा खाऊन परत आलो तर पिवळे पाणी कोकमाच्या सरबतासारखे लाल झालेले. मी बाटली उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. गाळ कुठेच नाही. सोने पाण्यात आहे, धातू म्हणून आहे, आणि खाली बसत नाही. इतकी वर्षे सोन्याशी खेळून मी सोने असे लाल पाहिले नव्हते.

भाचीने सांगितले ते असे. पानांतली पॉलिफिनॉलसारखी द्रव्ये हिराकसाचेच काम करतात, विरघळलेल्या सोन्याला पुन्हा धातू करतात. पण ती तेवढ्यावर थांबत नाहीत, तयार झालेल्या कणाला लगेच लपेटून बसतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत, गाळ बसत नाही. कणाचा आकार वीस-तीस नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या बारीक सोन्यावर उजेड पडला की ते हिरवा प्रकाश खाते आणि आपल्याला लाल दिसते. मायकल फॅरेडेने 1857 मध्ये या लाल सोन्याचा अभ्यास केला होता. मी दुकानात येऊन एक गणित केले. एक ग्रॅम सोन्याचे वीस नॅनोमीटरचे गोळे केले तर त्यांच्या पृष्ठभागाची बेरीज सुमारे 15 चौरस मीटर होते, म्हणजे आमच्या दुकानाच्या जमिनीपेक्षा जास्त. एवढ्या जागेवर औषध चिकटवता येते, कर्करोगाच्या पेशीला ओळखणारी द्रव्ये चिकटवता येतात. तुम्हाला सोनेच का हवे, ते मला तेव्हा कळले.

आणि हे काम परदेशातून आले म्हणून आपण नुसती नक्कल करतो आहोत, असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने 2003 मध्ये जिरेनियमच्या पानांपासून सोन्याचे नॅनोकण केले आणि 2004 मध्ये गवती चहापासून सोन्याचे चपटे त्रिकोण काढले. जगात या वाटेने जे पहिले चालले त्यांत ते होते. त्रिकोणांचे महत्त्व असे की गोल कण हिरवा प्रकाश खातात आणि तो कातडीच्या आत फारसा जातच नाही. चपटे त्रिकोण जवळचा अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश खाऊ शकतात, तो मांसातून थोडा आत पोचतो, कण तापतात आणि गाठ भाजता येईल अशी आशा असते. पण 'थोडा आत' म्हणजे फार तर काही सेंटिमीटर. यकृत बरगड्यांखाली खोल. तिथे प्रकाश न्यायचा तर तंतू आत घालावा लागणार. आण्णांना मांडीतली नळी नको होती. सोन्याच्या वाटेने गेले असते तरी नळी चुकली नसतीच.

आता त्या कात्रणातल्या 'पेशी मारल्या' या दोन शब्दांविषयी.

भाचीने सांगितले की यकृताच्या कर्करोगावर असे प्रयोग होतात तेव्हा पुष्कळदा 'हेप-जी-टू' नावाच्या पेशी वापरतात. अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून 1970च्या दशकात त्या काढल्या. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढवल्या जात आहेत. पुढे तज्ज्ञांनी तपासले तेव्हा ती गाठ बहुधा लहान मुलांत होणाऱ्या वेगळ्या प्रकारची होती असे दिसले. त्या पेशींत हिपॅटायटिस बीचा विषाणू नाही. त्यांच्याभोवती आक्रसलेले लिव्हर नाही, पोटातले पाणी नाही, साठीतला माणूस नाही. त्या मुलाचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याच्या दुखण्याने जगाला किती शिकवले असेल. पण त्याच्या पेशी मेल्या म्हणजे आमच्या आण्णांची गाठ विरघळली असती असे होत नाही, आणि बातमीत तसेच वाटत होते.

पेशी मेल्या की नाही हे बघायची तऱ्हाही मी पाहिली. एक पिवळे द्रव्य घालायचे. जिवंत पेशी त्याला जांभळे करतात. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत. यंत्र तो रंग मोजते. मी सोनार, रंग बघण्यात माझा जन्म गेला. मी विचारले, सोन्याचे कण स्वतःच लाल-जांभळे, मग यंत्र फसत नाही का? भाची म्हणाली, फसू शकते, म्हणून पेशींशिवाय नुसत्या कणांचा रंग वेगळा मोजून वजा करावा लागतो, किंवा दुसऱ्या पद्धतीने पडताळावे लागते. नुसता पानांचा अर्क, सोन्याशिवाय, तोही वेगळा घालून बघावा लागतो, नाहीतर मारले कुणी, सोन्याने की पानाने, हे कळायचे कसे? यकृताच्या निरोगी पेशींवरही तीच मात्रा घालून बघावी लागते. तुम्ही हे करता हे मला माहीत आहे. पण हे केले की नाही, हे वाचकाला कोण सांगणार?

मात्रेचाही हिशेब आहे. समजा बशीतल्या पेशी मारायला दर मिलिलिटरला शंभर मायक्रोग्रॅम सोने लागले. माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त. सगळ्या रक्तात तेवढी मात्रा ठेवायची तर अर्धा ग्रॅम, म्हणजे चार गुंजा सोने शिरेतून सोडावे लागेल. हा नुसता गुणाकार झाला. खरी अडचण पुढे आहे. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा वाटा साधारणपणे 0.7 टक्के निघाला. शंभर कण सोडले तर गाठीत एकही पुरता नाही.

मग बाकीचे जातात कुठे? इथे मला वाटले होते की आपले काम सोपे आहे, कारण उत्तर आहे यकृत. पाच-सहा नॅनोमीटरपेक्षा मोठे कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडत नाहीत, यकृत आणि प्लीहा त्यांना धरून ठेवतात. किरणोत्सारी सोन्याचे कण टोचून यकृताचे चित्र घेण्याची पद्धत पन्नास-साठच्या दशकांत होतीच. मी भाचीला उत्साहाने म्हणालो, मग काय, आपल्याला हवे तिथेच तर जातात! ती म्हणाली, "मामा, यकृतात जातात, पण गाठीत जात नाहीत." यकृतात कुप्फर पेशी म्हणून झाडूवाल्या पेशी असतात. रक्तातला कचरा त्या उचलतात, तशा सोन्याच्या कणांनाही उचलतात. कर्करोगाच्या पेशी शेजारी तशाच राहतात. आणि सोने पचत नाही, गंजत नाही, म्हणून तर आपण त्याला सोने म्हणतो. कुप्फर पेशींत ते महिनोन्महिने पडून राहते. निरोगी उंदराला कदाचित त्याचे काही वाटणार नाही. पण यकृताचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच झिजलेल्या यकृतात होतो. त्या यकृतावर हा भार किती, हा प्रश्न 'दुष्परिणाम नाहीत' या दोन शब्दांत मिटत नाही.

सोन्याचे नॅनोकण माणसांवर तपासले गेलेच नाहीत असेही नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात सोन्याचा मुलामा दिलेले कण टोचून लेसरने गाठ भाजण्याचा 16 रुग्णांवरचा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याचे निकाल उमेद देणारे होते. पण ते कण वनस्पतींपासून केलेले नव्हते आणि अवयवही यकृत नव्हता. वनस्पतींपासून केलेल्या सोन्याच्या नॅनोकणांचे, यकृताच्या कॅन्सरवरचे, मान्यता मिळालेले औषध आज नाही. हे एक वाक्य त्या कात्रणात असते तर ते त्या भिंतीवर लागले नसते.

औषधाचा कस कसा लागतो ते मला सोराफेनिबच्या गोळीवरून समजले. यकृताच्या वाढलेल्या कॅन्सरवर ती 2007 पासून वापरात आहे. तिच्या मोठ्या चाचणीत 602 रुग्ण होते. अर्ध्यांना गोळी, अर्ध्यांना गोळीसारखी दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी मोजले तेव्हा पोकळ गोळीवाले साधारण 7.9 महिने जगले होते आणि खऱ्या गोळीवाले 10.7 महिने. तीन महिन्यांहून कमी फरक! तो फरक खरा आहे हे सिद्ध करायला सहाशे माणसांनी आपला जीव तराजूत घातला. आपल्या देशात ही गोळी महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांना मिळायची. 2012 मध्ये भारत सरकारने दुसऱ्या कंपनीला ती बनवायचा सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा खर्च 8,800 रुपयांवर आला. आमच्यासारख्या घरात ती गोळी पोचली ती या दोन गोष्टींमुळे. मला वाटते, उद्या तुमचे सोनेही असेच पोचावे. पानांतून होते म्हणजे स्वस्तात होईल, इथेच होईल, ही आशा मला फार मोलाची वाटते.

पण त्या वाटेवर एक अडथळा आमच्या धंद्याला चांगला कळतो. गवती चहा पावसाळ्यातला वेगळा आणि मे महिन्यातला वेगळा. राधानगरीकडच्या लाल मातीतला वेगळा, शिरोळच्या काळ्या रानातला वेगळा. पान बदलले की अर्क बदलला, अर्क बदलला की कणाचा आकार आणि त्याच्यावरची लपेट बदलली. आज केलेले औषध आणि सहा महिन्यांनी केलेले औषध एकच आहे, हे तुम्ही कशावरून सांगणार? आमच्याकडे पूर्वी प्रत्येक सोनाराचे 'बावीस कॅरेट' वेगळे असायचे. आता दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक, लागतो. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो, आज गिऱ्हाईक त्याच्यावरच विश्वास ठेवते.

तसा शिक्का मला तुमच्या बातमीवर हवा आहे. हेच माझे मागणे. तुमच्या कामाची बातमी मराठीत जाईल तेव्हा तिच्यात काम कुठल्या पायरीवर आहे ते पहिल्या परिच्छेदात, साध्या शब्दांत लिहा: बशीतल्या पेशींवर, उंदरावर, की माणसावर. किती माणसांवर. आज हे औषध म्हणून मिळते का? मिळत नसेल तर 'मिळत नाही' असे छापा. 'भविष्यात उपयोगी ठरू शकेल' हे वाक्य प्राध्यापक लिहितो तेव्हा त्याचा अर्थ वीस वर्षे असतो. आजारी माणसाच्या घरात ते वाचले जाते तेव्हा त्याचा अर्थ पुढचा सोमवार असतो. पत्रकारांनो, जागा कमी असते हे मला मान्य. मथळा तुम्ही लावत नाही, हेही एका ओळखीच्या पत्रकाराने सांगितले. पण बातमीत 'पेशींवरील प्रयोगात' एवढे दोन शब्द पहिल्याच ओळीत असले तर मथळा लावणाऱ्यालाही ते ओलांडून जाता येणार नाही. आणि संशोधकांनो, बातमी चुकीची आली तर दुसऱ्या दिवशी फोन करून ती दुरुस्त करायला लावा. कात्रण फाईलला लावून गप्प बसू नका. तुमच्या फाईलमध्ये ते कौतुक म्हणून राहते, तिकडे भिंतीवर ते जाहिरात होते.

आता माझे. आण्णांना कॅन्सर झाला तो पांढऱ्या काविळीमुळे, म्हणजे हिपॅटायटिस बीमुळे. दारूच्या थेंबाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांना तो संसर्ग आहे हे कॅन्सर निघेपर्यंत कुणालाच माहीत नव्हते, कारण रक्त कधी तपासलेच नव्हते. मग घरातल्या सगळ्यांचे तपासले. आईला नाही. बहिणीला नाही. मला आहे.

रोज रात्री जेवणानंतर टेनोफोव्हिरची एक गोळी घेतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी. गोळीने विषाणू दबून राहतो, कॅन्सरचा धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. सोनोग्राफीच्या टेबलावर उताणा पडलो की डॉक्टरांचा हात एका जागी थोडा जास्त रेंगाळला तरी छातीत धस्स होते. म्हणून म्हणतो, तुमच्या कामाची मला गरज आहे. माझ्या यकृतात उद्या गाठ निघाली तर त्या वेळी तुमचे लाल पाणी बशीतून पुढे सरकलेले असावे, प्राण्यांवर तपासून झालेले असावे, नियमाप्रमाणे माणसांवरच्या चाचणीत आलेले असावे. त्या चाचणीत नाव द्यायला मी सर्वांत आधी येईन. पोकळ गोळी वाट्याला आली तरी चालेल.

तोवर हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनी एक करावे. सरकारी दवाखान्यांत 2018 पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. घरात कुणाला हा संसर्ग असेल तर बाकीच्यांनी रक्त तपासून घ्यावे. बाळ जन्मले की चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस द्यावी. बुरशी लागलेले शेंगदाणे चटणीत घालू नयेत, त्या बुरशीचे विषही यकृताचा कॅन्सर करते. गरीब घरात मूठभर दाणे टाकायचा जीव होत नाही, आमच्या आजीचाही व्हायचा नाही. तरी टाकावेत.

शेवटची विनंती संशोधकांना. एका संध्याकाळी गुजरीत या. सातनंतर शेगड्या विझलेल्या असतात, बोळात तीस-चाळीस माणसे आरामात बसतात. आमच्यातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी 'सोन्याचे औषध' घेतलेले आहे किंवा कुणाला सुचवलेले आहे. त्यांच्यापुढे पिवळ्या पाण्याचे लाल पाणी करून दाखवा. हे काय आहे ते सांगा आणि हे अजून काय नाही तेही सांगा. सोनार मंडळी तुमचे ऐकतील, कारण अम्लराज त्यांना माहीत आहे, हिराकस माहीत आहे, आणि रंग बदलला तर का बदलला हे विचारल्याशिवाय ते उठणार नाहीत.

सोने मी देतो. पुड्यांतून निघालेला तो मणी अजून डबीत ठेवलेला आहे. गुंजभर सोन्यात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी होते, असे भाचीने हिशेब करून सांगितले आहे. गवती चहा आमच्या परसात आहे, आण्णांनीच लावलेला.

आपला,
गुजरीतला एक सोनार
कोल्हापूर